कापडाची त्वचा, रोबोटचं बोट: स्पर्शावरून पदार्थ ओळखणारा पहिला सेन्सर बनवताना

रोबोटच्या बोटावर कापडाचा थर शिवायचा, त्यातून तारा काढायच्या आणि त्या बोटाला लाकूड, काच, धातू, स्पंज यांतला फरक सांगता आला पाहिजे. काम एवढंच आहे, पण मला ते साधायला बरेच महिने लागले. थोडे दिवस शिवणकामात गेले, थोडे सर्किटमध्ये. सगळ्यात जास्त वेळ एका चुकीच्या समजुतीने खाल्ला. मला वाटायचं, त्वचा उत्तम बनली की ओळख आपोआप जमेल. तसं होत नाही. बोट वस्तूला कसं टेकतं, किती वेळ थांबतं, कोणत्या वेगाने घासतं आणि दर वेळी तसंच करतं का, यावर निम्म्याहून जास्त यश अवलंबून असतं. त्वचा फक्त ऐकते. वस्तूला बोलतं करायचं काम स्पर्शाचं असतं.

हा लेख पहिल्यांदाच या कामाला हात घालणाऱ्यांसाठी आहे. मायक्रोकंट्रोलरवर दिवा चालू-बंद करता येत असेल आणि सुईत दोरा ओवता येत असेल, तर एवढं पुरेसं आहे.

१. बोटाला काय कळायला हवं ते आधी ठरवा

डोळे मिटून एखादी अनोळखी वस्तू हातात घ्या आणि आपली बोटं काय करतात तिकडे लक्ष द्या. मऊपणा बघायला आपण दाबतो, खरखरीतपणा बघायला बोट आडवं घासतो, थंड-गरम बघायला हात नुसता टेकवून ठेवतो. सुझन लेडरमन आणि रॉबर्टा क्लाट्झ्की या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये हाताच्या या हालचालींची पद्धतशीर नोंद केली. प्रत्येक गुणधर्मासाठी माणूस ठरावीक हालचाल निवडतो, हे त्यांनी दाखवलं. रोबोटचं बोट बनवताना माझ्या सगळ्यात जास्त उपयोगी पडलेलं ज्ञान हेच.

आपल्या त्वचेतही कामाची वाटणी आहे. तळहाताच्या आणि बोटांच्या त्वचेत स्पर्श टिपणारे मुख्य चार प्रकारचे संवेदक असतात: मर्केल, रुफिनी, मायस्नर आणि पॅचिनी. मर्केल आणि रुफिनी टिकून राहिलेला दाब आणि ताण सांगतात. मायस्नर आणि पॅचिनी बदल टिपतात. पॅचिनी तर २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपासच्या बारीक कंपाला सगळ्यात जास्त संवेदनशील असतो. म्हणून एकाच सेन्सरकडून सगळ्याची अपेक्षा करू नका. आपण चार गोष्टी मोजणार आहोत:

- दाब, म्हणजे वस्तू मऊ की कडक
- घासताना होणारा कंप, म्हणजे पृष्ठभागाची वीण किंवा खरखर
- उष्णता किती वेगाने निघून जाते
- स्पर्शाने निर्माण होणारी घर्षणवीज

चारही एकदम करू नका. दाबाचा थर पूर्ण चालेपर्यंत बाकीच्या तिघांना हात लावू नका. मी सगळं एकत्र शिवलं होतं आणि बिघाड कुठल्या थरात आहे हे शोधायला अख्खा जोड उसवावा लागला.

२. सामान जमवा

कापड आणि शिवणाचं सामान:

- चांदीचा मुलामा दिलेलं नायलॉनचं वाहक कापड
- व्हेलोस्टॅट, म्हणजे कार्बन मिसळलेला काळा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. जाडी साधारण ०.१ मिमी
- पातळ, घट्ट विणीचं सुती कापड, अस्तरासाठी
- साधं नायलॉनचं कापड आणि टेफ्लॉनची चिकट पट्टी, बाहेरच्या थरासाठी
- इस्त्रीने चिकटणारं फ्यूजिंग
- बारीक सुई, साधा पॉलिएस्टर दोरा, धारदार कात्री, अंगुस्तान
- छोटी धातूची टिचबटणं

इलेक्ट्रॉनिक सामान:

- ईएसपी ३२ किंवा तत्सम मायक्रोकंट्रोलर
- मल्टिमीटर
- १ किलोओहमपासून १० मेगाओहमपर्यंतचे रेझिस्टर, १ आणि १० नॅनोफॅराडचे कपॅसिटर
- एमसीपी ६००२ ही ऑप-ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायरची चिप
- १०-१२ मिमी व्यासाची पिझो चकती, म्हणजे कंप बसला की वीज देणारी
- १० किलोओहमचा मण्याएवढा थर्मिस्टर (तापमानाबरोबर रोध बदलणारा), १०० ओहमचा एक रेझिस्टर आणि छोटा ट्रान्झिस्टर
- मऊ, बहुतारी वायर. आर्द्रता आणि तापमान मोजणारा साधा सेन्सर

शिवाय सर्व्होवर (सांगितलेल्या कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरवर) चालणारा दोन बोटांचा ग्रिपर, म्हणजे वस्तू पकडणारा पंजा, ५० ते ५०० ग्रॅमची वजनं आणि एक वही. वही खरंच ठेवा. पुढे कळेल का.

वाहक दोरा मी यादीत मुद्दाम घातलेला नाही. स्टीलचा वाहक दोरा दिसायला छान असतो, पण त्यावर साधं सोल्डर धरत नाही, त्याच्या गाठी सैल पडतात आणि सुटलेला एक तंतू शेजारच्या पट्टीला टेकला की शॉर्ट झालाच. तो पुढच्या प्रकल्पासाठी ठेवा.

३. कापड कापण्याआधी तपासा

वाहक कापडाचा १० सेंमी लांब, १ सेंमी रुंद पट्टा घ्या आणि दोन टोकांना मल्टिमीटर लावा. चांदीचा मुलामा चांगला असेल तर रोध अगदी थोडा, काही ओहम येतो. मग तोच पट्टा मुठीत चुरगळा, ताणा, पुन्हा मोजा. आकडा खूप वाढला तर ते कापड बोटावर टिकणार नाही.

कापड उघड्या हाताने फार हाताळू नका. घाम आणि हवेतलं गंधक यांनी चांदी काळवंडते आणि रोध वाढतो. उरलेला तुकडा घट्ट बंद पिशवीत ठेवा.

व्हेलोस्टॅटची तपासणी वेगळी. त्याचा छोटा तुकडा वाहक कापडाच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवा, मल्टिमीटर जोडा आणि बोटाने दाबा. दाबल्यावर रोध झपाट्याने उतरला पाहिजे. न दाबलेला आणि जोरात दाबलेला असे दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवा, सहाव्या पायरीत त्यांची गरज पडेल.

४. दाबाचा थर शिवा

बाहेरून आत असे थर येतात: वर वाहक कापडाचा एक सलग तुकडा, मध्ये व्हेलोस्टॅट, खाली वाहक कापडाचे चार छोटे चौकोन आणि सगळ्यात तळाशी सुती अस्तर. चार चौकोन म्हणजे दाब कळण्याच्या चार जागा. मधला पापुद्रा दाबला गेला की त्या जागी वरच्या आणि खालच्या कापडातला रोध कमी होतो.

बोटाच्या टोकासाठी मी वापरते ती मापं: प्रत्येक चौकोन ८ × १२ मिमी, मध्ये ३ मिमी अंतर, म्हणजे चौघांचा मिळून पट्टा १९ × २७ मिमी. वरचा सलग तुकडा २० × २८ मिमी. व्हेलोस्टॅट मात्र २७ × ३५ मिमी. तो चारही बाजूंनी वाहक कापडाच्या बाहेर आलाच पाहिजे. नवशिक्यांचे निम्मे सेन्सर इथेच मरतात: तिन्ही थर एका मापाचे कापले जातात, कडेची चांदीची दशा निघते आणि वरचा थर खालच्याला टेकतो. मग सेन्सर कायम 'पूर्ण दाबलेला' दाखवत राहतो.

दशा निघू नयेत म्हणून कापण्याआधीच वाहक कापडाच्या मागच्या बाजूला फ्यूजिंग इस्त्रीने चिकटवा. फ्यूजिंगची बाजू व्हेलोस्टॅटकडे येता कामा नये, नाहीतर वीज वाहणारच नाही. इस्त्री मध्यम ठेवा. व्हेलोस्टॅटवर इस्त्री अजिबात फिरवू नका, तो वितळतो.

प्रत्येक चौकोनाला आणि वरच्या तुकड्याला एक बारीक शेपूट ठेवूनच कापा. तार तिथे जोडायची आहे. आता साध्या दोऱ्याने कडेकडेने धावदोरा घाला. टाका व्हेलोस्टॅटच्या मधून जाऊ देऊ नका, त्याच्या बाहेरून अस्तरावर घ्या. मधून गेलेला टाका त्या जागी कायमचा दाब देतो. टाके सैल ठेवा. घट्ट शिवलेली त्वचा नीटनेटकी दिसते, पण हलका स्पर्श तिला कळतच नाही, कारण ती आधीच दाबलेली असते.

५. तारा जोडा

मऊ कापड आणि कडक तार जिथे भेटतात तिथेच तुटतं. वाहक कापडावर थेट सोल्डर केलं तर नायलॉन जळतं. शेपटीच्या टोकाला टिचबटण बसवा आणि तार बटणाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाला सोल्डर करा. त्वचा बदलायची वेळ आली की टिचकन निघते.

तार बटणापासून १ सेंमीवर अस्तराला चार टाके घालून बांधून टाका. ओढ बसली तर ती या टाक्यांवर बसली पाहिजे. बोट शंभर वेळा वाकवून बघा आणि वाकवताना मल्टिमीटरकडे नजर ठेवा. आकडा उड्या मारत असेल तर जोड कच्चा आहे. पुढे जाऊ नका.

६. दाब वाचा

वरचा सलग तुकडा ग्राउंडला जोडा. खालच्या प्रत्येक चौकोनाची तार एका ॲनालॉग पिनला न्या आणि त्याच पिनवरून एक ठरावीक रेझिस्टर ३.३ व्होल्टला जोडा. दाब वाढला की पिनवरचा व्होल्टेज उतरतो.

रेझिस्टर कितीचा? वहीत लिहिलेले दोन आकडे काढा, त्यांचा गुणाकार करा आणि वर्गमूळ घ्या. समजा न दाबता २० किलोओहम आणि जोरात दाबल्यावर ५०० ओहम आले. वर्गमूळ येतं सुमारे ३.२ किलोओहम, म्हणून ३.३ किलोओहमचा रेझिस्टर घ्या. पिनवर न दाबता सुमारे २.८ व्होल्ट आणि दाबल्यावर सुमारे ०.४ व्होल्ट दिसेल, म्हणजे जवळपास पूर्ण पट्टा वापरात आला. ईएसपी ३२ चा ॲनालॉग भाग दोन्ही टोकांना वाकडं मोजतो, त्यामुळे मधल्या पट्ट्यात राहणं बरंच. त्याच चिपच्या दुसऱ्या ॲनालॉग गटातल्या पिना वाय-फाय चालू असताना वापरता येत नाहीत. पहिल्या गटातल्याच पिना घ्या.

पुढे चौकोन वाढवावेसे वाटतील. तेव्हा आडव्या आणि उभ्या पट्ट्यांची जाळी करतात. ४ आडव्या, ४ उभ्या पट्ट्या म्हणजे ८ तारांत १६ जागा. पण जाळीत भुतं दिसतात. आयताचे तीन कोपरे दाबले की वीज आडवाटेने फिरून चौथा, न दाबलेला कोपराही दाबल्यासारखा दाखवते. न वाचल्या जाणाऱ्या पट्ट्या त्या क्षणी ग्राउंडला बांधून हे बरंचसं टाळता येतं. एमआयटीतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये अशाच काळ्या पापुद्र्याचा आणि वाहक दोऱ्यांचा हातमोजा केला होता. त्यात ५४८ जागी दाब मोजला जायचा आणि नुसत्या दाबाच्या चित्रांवरून २६ वस्तू ओळखायला संगणकाला शिकवलं होतं. ते आपलं पुढचं स्वप्न. आज चार चौकोन पुरे.

नवी त्वचा थेट मोजायला घेऊ नका. आधी तिला पन्नासेक वेळा नीट दाबून वळण लावा. मग सपाट चकतीखाली वजनं ठेवत जा: ५०, १००, २००, ५०० ग्रॅम, आणि तसंच उलट उतरवा. चढताना आणि उतरताना एकाच वजनाला वेगळे आकडे येतील. तो दोष तुमच्या हाताचा नाही, कापड आणि पापुद्रा दोन्ही हळू सावरतात. वजन तसंच ठेवलं तरी आकडा सरकत राहतो. म्हणून नेहमी टेकल्यानंतर ठरावीक वेळाने वाचा, मी अर्धा सेकंद धरते. या त्वचेकडून ग्रॅममध्ये अचूक वजन मागू नका. कमी, जास्त आणि किती वेगाने वाढला, एवढं ती चोख सांगते.

७. घर्षणाची वीज ऐका

मला या सगळ्यात सगळ्यात सुंदर वाटणारी पायरी ही. दोन वेगळे पदार्थ टेकून विलग झाले की एकावर धन आणि दुसऱ्यावर ऋण प्रभार उरतो. कोणावर कोणता, हे त्या जोडीवर अवलंबून. काच, नायलॉन, लोकर साधारण धन बाजूला झुकतात; टेफ्लॉन आणि सिलिकोन ऋण बाजूला. झोंग लिन वांग यांच्या गटाने जॉर्जिया टेकमध्ये २०१२ मध्ये याच तत्त्वावर वीज निर्माण करणारं उपकरण मांडलं आणि त्यानंतर त्याच तत्त्वाचे स्पर्श-सेन्सर झपाट्याने वाढले.

आपल्यासाठी यातली कल्पना अशी. बोटावर शेजारी शेजारी दोन पट्ट्या असाव्यात, एक नायलॉनची आणि एक टेफ्लॉनची. तीच वस्तू दोघींना टेकली की दोन वेगळे झटके मिळतात. एका पट्टीच्या झटक्यावरून पदार्थ सांगता येत नाही, कारण जोरात टेकलं तरी झटका मोठा येतो. पण दोन पट्ट्यांच्या झटक्यांची दिशा आणि एकमेकींशी प्रमाण यांतून जोराचा परिणाम बराचसा वजा होतो.

बांधणी: दाबाच्या थराच्या वर पातळ सुती कापड, त्यावर वाहक कापडाच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी ८ × २८ मिमी, मध्ये ४ मिमी मोकळी जागा. एकीवर नायलॉन शिवा, दुसरीवर टेफ्लॉनची पट्टी चिकटवा. दाबाच्या थराचा वरचा तुकडा आपण ग्राउंडला जोडला आहे. तो आता खालून येणाऱ्या विद्युत गोंगाटाला ढाल बनतो. म्हणूनच तो वर ठेवायचा होता.

ही वीज इतकी अशक्त असते की मायक्रोकंट्रोलरची पिन थेट जोडली तर झटका बिघडतो. प्रत्येक पट्टीपासून १०० किलोओहमच्या रेझिस्टरमधून एमसीपी ६००२ च्या धन इनपुटला जा आणि ती चिप नुसती अनुगामी म्हणून, म्हणजे इनपुटचा व्होल्टेज जसाच्या तसा पिनकडे पुढे देणारी म्हणून वापरा. एका चिपमध्ये दोन ॲम्प्लिफायर असतात, त्यामुळे दोन्ही पट्ट्यांचं काम भागतं. दोन सारखे रेझिस्टर मालिकेत लावून १.६५ व्होल्टचा मधला बिंदू बनवा. इनपुटपासून त्या बिंदूला १० मेगाओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर १ नॅनोफॅराडचा कपॅसिटर जोडा. मधला बिंदू हवा, कारण झटके दोन्ही दिशांना येतात. १ नॅनोकूलॉम प्रभार १ नॅनोफॅराडवर १ व्होल्ट दाखवतो. झटका वर किंवा खाली आपटून सपाट होत असेल तर कपॅसिटर १० नॅनोफॅराडचा करा.

आता सापळे, आणि इथे ते बरेच आहेत.

पहिला, भिंतीतल्या वीजवाहिनीचा ५० किंवा ६० हर्ट्झचा गुणगुणाट. १० मेगाओहमवर तो सहज चढतो. चिप बोटाच्या जितकी जवळ बसवता येईल तितकी बसवा. लांब तार म्हणजे अँटेना.

दुसरा, आर्द्रता. दमट हवेत प्रभार लवकर निसटतो आणि झटके लहान होतात. प्रत्येक मोजणीबरोबर आर्द्रता नोंदवा, नाहीतर कोरड्या दिवशी शिकलेलं मॉडेल, म्हणजे या आकड्यांवरून पदार्थ ओळखायला आपण पुढे शिकवणार आहोत तो प्रोग्राम, ओल्या दिवशी गोंधळेल.

तिसरा, उरलेला प्रभार. टेफ्लॉन प्रभार फार काळ धरून ठेवतं. मागच्या वस्तूची आठवण पुढच्या मोजणीत मिसळते. मी दोन स्पर्शांच्या मध्ये बोट ग्राउंडला जोडलेल्या, किंचित ओलसर सुती कापडावर टेकवते आणि सुकायला थोडा वेळ देते. अजून एक: वस्तू हाताने उचलून ग्रिपरमध्ये देऊ नका. तुमच्या हाताचा घाम आणि प्रभार दोन्ही वस्तूवर जातात. लाकडी किंवा प्लास्टिकच्या चिमट्यानेही नवा प्रभार येऊ शकतो, म्हणून वस्तू स्टँडवर बसवा आणि बोटालाच तिच्याकडे न्या.

८. कंप आणि उष्णता

कंपासाठी पिझो चकती अस्तराच्या मागे, हाडाला टेकेल अशी चिकटवा. हाड म्हणजे ग्रिपरच्या बोटाचा कडक भाग. तिला समांतर १ मेगाओहमचा रेझिस्टर आणि तोच १.६५ व्होल्टचा मधला बिंदू द्या. ठोका बसला की ही चकती मोठा व्होल्टेज देते, म्हणून पिनच्या आधी १० किलोओहमचा रेझिस्टर आणि दोन संरक्षक डायोड लावा.

वाचन सेकंदाला २००० वेळा ठेवा. हिशोब सोपा आहे: घासण्याचा वेग भागिले पृष्ठभागावरच्या दोन उंचवट्यांतलं अंतर म्हणजे कंपाची वारंवारता. दर सेंटिमीटरला २० धागे असलेलं कापड २० मिमी प्रति सेकंद वेगाने घासलं तर ४० हर्ट्झ. वेग दुप्पट केला की ८० हर्ट्झ. वस्तू तीच, आकडा बदलला. वेग ठरलेला नसेल तर कंपाला काही अर्थ उरत नाही.

उष्णतेसाठी थर्मिस्टरचा मणी दोन पट्ट्यांमधल्या ४ मिमीच्या फटीत, पृष्ठभागाच्या लगत शिवा. त्याच्या मागे १०० ओहमचा रेझिस्टर ठेवून ३.३ व्होल्ट द्या, सुमारे ०.११ वॅट ऊब मिळेल. हा प्रवाह पिनमधून थेट घेऊ नका, ट्रान्झिस्टर वापरा. बोट खोलीपेक्षा साधारण १० अंश गरम झालं की टेकवा आणि पहिल्या दोन-तीन सेकंदांत तापमान किती वेगाने उतरतं ते बघा. ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता २०० वॅट प्रति मीटर-केल्विनच्या वर, काचेची १ च्या आसपास, लाकडाची ०.१ ते ०.२. म्हणून धातू आणि लाकूड या जोडीत हा एकच सेन्सर बाजी मारतो. अट एकच: सगळ्या वस्तू आधी तासभर एकाच खोलीत ठेवलेल्या हव्यात. उन्हातून आणलेला धातू लाकडासारखा वागतो.

९. बोटावर चढवा

त्वचा बोटाला चिकटवू नका. अंगुस्तानासारखी टोपी शिवून ती बोटावर चढवा. सर्व्होला वीज वेगळ्या स्रोतातून द्या, फक्त ग्राउंड एकत्र करा. एकाच स्रोतावर चालवलं तर सर्व्होच्या प्रत्येक धक्क्याबरोबर सगळे आकडे हलतात. ग्रिपर हवेत, काहीही न पकडता उघडा-मिटा आणि चारही सेन्सरांची नोंद घ्या. त्यात जे दिसेल ते सगळं तुमच्या यंत्राचं, वस्तूचं काही नाही. ही रिकामी नोंद जपून ठेवा.

१०. स्पर्शाचा एकच क्रम बांधा

प्रत्येक वस्तूला बोटाने तंतोतंत तेच करायचं. माझा क्रम:

१. उरलेला प्रभार उतरवा, बोट गरम होऊ द्या.
२. हळू टेका. घर्षणविजेचे दोन्ही झटके नोंदवा.
३. ठरलेल्या दाबापर्यंत दाबा. दाब चढायला लागलेला वेळ म्हणजे मऊपणा.
४. तीन सेकंद स्थिर थांबा. तापमानाचा उतार नोंदवा.
५. दाब थोडा कमी करून २० मिमी प्रति सेकंद वेगाने ३० मिमी घासा. कंप नोंदवा.
६. सरळ वर उचला. विलग होतानाचे झटके नोंदवा. ते टेकतानाच्या उलट दिशेचे असतात.

'ठरलेला दाब' म्हणजे सर्व्होचा ठरलेला कोन नव्हे. कोन तोच ठेवला तर जाड वस्तू जास्त दाबली जाते आणि मॉडेल पदार्थाऐवजी जाडी शिकतं. दाबाच्या थराचा आकडा बघूनच सर्व्हो थांबवा.

योग्य हालचाल निवडण्याने काय साधतं, याचा एक दाखला २०१२ चा आहे. जेरेमी फिशेल आणि जेराल्ड लोब यांनी बायोटॅक नावाच्या कृत्रिम बोटाला पुढची हालचाल कोणती करावी हे स्वतः निवडू दिलं आणि ११७ पोतांमध्ये त्याने ९५.४ टक्के वेळा बरोबर ओळख पटवली.

११. डेटा गोळा करा, आणि स्वतःला फसवू नका

सुरुवातीला पाच पदार्थ घ्या: ॲल्युमिनियम, काच, लाकूड, स्पंज, सुती कापड. प्रत्येकाचे दोन-तीन वेगळे तुकडे घ्या. एकाच काचेवर शिकवलं तर मॉडेल 'काच' शिकत नाही, 'ही काच' शिकतं. तुकड्यावर दर बैठकीला तीसेक स्पर्श आणि वेगवेगळ्या दिवशी किमान तीन बैठका.

माझी सगळ्यात महाग चूक इथली आहे. सोय म्हणून मी सकाळी लाकडाचे सगळे स्पर्श घेतले, मग काचेचे, दुपारी ॲल्युमिनियमचे. मॉडेलने जवळजवळ सगळं बरोबर ओळखलं. मी आनंदाने यंत्र झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याच वस्तूंवर उत्तरं सरमिसळ झाली. खूप शोधल्यावर कळलं, दिवसभर पापुद्रा तापत आणि सैलावत जात होता, दाबाचा शून्यबिंदू हळूहळू सरकत होता, आणि मॉडेल त्या सरकण्यावरून नुसती वेळ ओळखत होतं. सकाळ म्हणजे लाकूड, दुपार म्हणजे धातू. पदार्थाशी त्याला देणंघेणं नव्हतं.

म्हणून क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. लाकूड, स्पंज, काच, पुन्हा लाकूड, असं. हे कंटाळवाणं आहे, वस्तू सतत बदलाव्या लागतात, तरी टाळू नका. प्रत्येक स्पर्शाआधी बोट हवेत असताना शून्यबिंदू नोंदवा आणि तो वजा करा. वहीत तारीख, आर्द्रता, तापमान, बाहेरचं कापड कधी बदललं ते लिहा.

१२. मॉडेल शिकवा

इथे फार वेळ घालवू नका. पायथन भाषेतल्या सायकिट-लर्न या तयार संचातलं रँडम फॉरेस्ट, म्हणजे अनेक निर्णयवृक्षांच्या मतांवरून उत्तर ठरवणारी पद्धत, पुरतं. प्रत्येक स्पर्शातून मोजके आकडे काढा: दाब चढायला लागलेला वेळ, थांबल्यावर दाब किती सरकला, तापमानाचा उतार, दोन्ही पट्ट्यांच्या झटक्यांची उंची, दिशा आणि प्रमाण, कंपाची तीन-चार वारंवारता-पट्ट्यांतली ताकद. पंधरा-वीस आकडे झाले की थांबा.

परीक्षा घेताना डेटा यादृच्छिक फोडू नका. दोन दिवसांवर शिकवा, तिसऱ्या दिवसावर तपासा. मग न पाहिलेल्या तुकड्यांवर तपासा. टक्केवारी पहिल्यापेक्षा कमी येईल, खरी तीच. पाच पदार्थांत नुसत्या अंदाजाने २० टक्के मिळतात, एवढं लक्षात ठेवून आकडा वाचा. कन्फ्युजन मॅट्रिक्स (खरा पदार्थ आणि मॉडेलचं उत्तर यांचा तक्ता) काढा आणि कोण कोणाशी मिसळतंय ते बघा. काच आणि ॲल्युमिनियम मिसळत असतील तर थर्मिस्टर पृष्ठभागापासून दूर गेला आहे किंवा बोट पुरेसं गरम नाही. स्पंज आणि कापड मिसळत असतील तर दाबण्याचा वेग जास्त आहे. लाकूड आणि कापड मिसळत असतील तर घासण्याची नोंद तपासा. माझ्या अनुभवात मॉडेल बदलून मिळालं त्यापेक्षा कितीतरी जास्त सुधारणा अशा शोधातून मिळाली.

मॉडेलला 'माहीत नाही' म्हणायची मुभा द्या. सगळ्यात वरच्या उत्तराची खात्री ठरावीक मर्यादेखाली असेल तर उत्तर देऊ नये, पुन्हा स्पर्श करावा. ओली काच, रंग दिलेलं लाकूड, प्लास्टिकचा थर चढवलेला धातू, हे सगळं कधीतरी समोर येणारच. बोट पृष्ठभागाला भेटतं, आत काय आहे ते त्याला दिसत नाही.

१३. त्वचा झिजते

बाहेरचं नायलॉन घासून गुळगुळीत होतं, टेफ्लॉनची कड उचलते. दर बैठकीच्या सुरुवातीला एकच ठरलेली वस्तू दहा वेळा स्पर्शा. मी ॲल्युमिनियमची एक पट्टी फक्त यासाठी पुसून वेगळी ठेवली आहे. तिचे आकडे पहिल्या दिवसापासून किती दूर गेले ते वहीत लिहा. खूप दूर गेले तर टिचबटणं उघडा, बाहेरचा थर उसवा, नवा शिवा, पन्नास वेळा दाबून वळण लावा, वजनांची मोजणी पुन्हा करा आणि थोडा नवा डेटा घेऊन मॉडेल पुन्हा शिकवा. जुना डेटा फेकू नका, पण फाइलच्या नावात त्वचेचा क्रमांक लिहा. माझी सध्याची त्वचा सहावी आहे आणि पाचवीचा डेटा तिच्यात मिसळला की काच लगेच हरवते.